माझ्यामागे माझा योइक कोणी म्हणावा

मी, सरकारी कागदांवर क्रिस्टिने लोग्ये आणि माणसांत योव्नाच्या मिह्कालची मुलगी रिस्तेन, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा रेनडियर राखणे, सध्याचा धंदा खिडकीत बसून दुसऱ्यांच्या रेनडियरांना नावे ठेवणे, राहणार गुओल्लेयावरी, काउतोकेइनोच्या उत्तरेला, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पाय कधीच नव्हते. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहिलेले नाही; गोड बोलणारे माणूस या घरात बऱ्याच दिवसांत आलेले नाही.

अल्ताच्या वकीलबाईंनी छापील नमुना पाठवला होता. त्यात ‘मालमत्तेचे वर्णन’ असे छापून खाली दोन ओळी सोडल्या होत्या. तो मी चुलीत घातला आणि कोऱ्या कागदावर लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दोन वाक्ये झाली की उठते आहे. तेव्हा अक्षर मध्येच तिरके झालेले दिसले तर कोणी दुसऱ्याने लिहिले असा संशय घेऊ नये. ती वाक्ये खिडकीपाशी उभी राहून लिहिलेली आहेत.

कलम पहिले. माझ्या कानखुणेचे जे रेनडियर माझ्यामागे जिवंत असतील ते, आणि ती कानखूणही, माझी एकुलती एक मुलगी एलेन हिला द्यावी. एलेन ट्रोम्सोच्या मोठ्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर आहे. लोकांना झोपवण्याचा तिला पगार मिळतो, माझी झोप मात्र ती फुकटात उडवते. तिने नोकरी सोडून डोंगरावर यावे अशी माझी अपेक्षा नाही. जनावरे आज आहेत तशीच बिग्गाच्या मुलांच्या कळपात राहावीत. बिग्गा म्हणजे माझी मावसबहीण. तिच्याविषयी पुढे लिहायचेच आहे. एलेनने फक्त दर शरदात कुंपणावर यावे आणि वासरांच्या कानांना आपल्या हाताने आमच्या मालकीची खूण कापावी. सुरी माझीच वापरावी, इस्पितळातली आणू नये.

कलम दुसरे. आमच्या रीतीचा निळा पोशाख, चांदीची पदके, पट्टा, हिवाळ्याचे जोडे एलेनला. पोशाख तिला खांद्यात घट्ट होईल, पण त्याला शिवणीत माया आहे. कॉफीची काळी किटली गुन्वोरला द्यावी. गुन्वोर ही नगरपालिकेची नर्स, दर आठवड्याला येऊन माझे पाय दाबून पाहते आणि कॉफी कमी करा म्हणून सांगते. किटली तिच्याकडे गेली की तिच्या मनासारखे होईल. बँकेत जे असेल त्यातून माझ्या अंत्यविधीचे जेवण घालावे. मांस उकडलेले असावे आणि रस्सा पातळ नसावा. बिग्गाच्या वेळी पातळ होता आणि लोक अजून बोलतात.

कलम तिसरे. हे कलम वाचणारे न्यायाधीश दक्षिणेकडचे असण्याचा संभव आहे, म्हणून नाइलाजाने थोडे समजावून सांगते. आम्हा उत्तरेकडच्या रेनडियरवाल्यांत प्रत्येक माणसाला आपला योइक असतो. त्यात शब्द असले तर एखाददुसरा, बाकी नुसता गळा आणि चाल. पण तो त्या माणसाविषयीचे गाणे नव्हे. आम्ही माणसावर योइक म्हणत नाही, माणसालाच योइकतो. म्हणणाऱ्याच्या तोंडात तेवढा वेळ तो माणूस असतो. लहानपणी आई, बाप, मावशी, कोणीतरी तो देते आणि मग तो आपला होतो. देणाऱ्याचा राहत नाही. माणूस मेला तरी कोणी योइकणारे असेल तोवर तो घरात येऊन बसतो. कोणी उरले नाही की मग तो खरोखर गेला.

आणि एक गोष्ट आहे, तिच्यावर हे सगळे मृत्युपत्र अडले आहे. स्वतःचा योइक स्वतः म्हणत नाहीत. मनाई कोणी केलेली नाही, पण आपल्या तोंडाने आपलीच टिमकी वाजवणारा माणूस आमच्यात दोन दिवस टिकत नाही. तेव्हा माझा योइक मला पाठ असून माझ्या काही कामाचा नाही. तो माझ्या बापाने मला दिला. माझा नवरा आस्लाक मला योइकायचा, बिग्गा योइकायची. तिच्या दारात मी पाऊल टाकले, अजून जोडे काढायचे आहेत, तोच ती चुलीपासून सुरू करायची. आस्लाक एलेन चार वर्षांची असताना तळ्याच्या कोवळ्या बर्फातून खाली गेला. बिग्गा यंदाच्या ईस्टरला गेली. त्या दिवसापासून मला कोणी योइकलेले नाही. घरात मी असते, चहाकॉफी करते, रेडिओशी भांडते, पण मी आहे असे मला वाटत नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहिते.

आता याच कलमात एक जुना हिशोब. आस्लाक गेल्यानंतर काही वर्षांनी दक्षिणेकडून एक संगीताचे अभ्यासक आले होते. सभ्य माणूस. त्यांनी यंत्र मांडले आणि मी आस्लाकला योइकले, कारण मला तेव्हा तो रोज हवा असायचा आणि ऐकणारे कोणीही चालायचे. ती टेप पुढे कोणाकोणाच्या हातातून गेली देव जाणे. बिग्गाच्या अंत्यविधीला एलेन आली तेव्हा माझे घर पाहुण्यांनी भरले होते, म्हणून ती एका हॉटेलात उतरली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बटाटे सोलता सोलता ती काहीतरी गुणगुणायला लागली. माझ्या हातातले पातेले तसेच राहिले.

“हे काय म्हणते आहेस?” मी विचारले.

“हॉटेलात नाश्त्याला लागलं होतं. मागे बासरीबिसरी होती. छान आहे ना? सकाळपासून डोक्यातून जातच नाही.”

“कसा जाईल? तुझा बाप आहे तो.”

तिने बटाटा खाली ठेवला.

“आणि म्हणणारी बाई?”

“मीच. आवाज तरणा होता तेव्हा.”

“आई,” ती म्हणाली, “मी तिथे उकडलेलं अंडं खात होते.” आणि मग इतक्या मोठ्या डॉक्टरीणबाई बटाट्याच्या सालींवर डोके ठेवून रडल्या. मीही रडले, पण मी उभी होते.

त्या हॉटेलने आस्लाकला अंड्याबरोबर वाढणे बंद करावे. आजवर मी हे तोंडी सांगत आले. माझ्यामागे एलेनने वकिलामार्फत सांगावे, म्हणजे त्यांना ऐकू जाईल.

एलेनविषयीही इथेच लिहून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. ती शाळेच्या वसतिगृहात होती, चौदा वर्षांची. सुट्टी लागली म्हणून मी तिला न्यायला गेले आणि अंगणातून, आपल्या रीतीप्रमाणे, तिला योइकले. वरच्या खिडकीत पोरी जमल्या आणि खिदळायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, “कोणाची म्हातारी ओरडतेय ती?” आणि माझी मुलगी त्यांच्यात उभी राहून म्हणाली, “काय माहीत.” गाडीत बसल्यावर म्हणाली, “आई, इथे नको ना करत जाऊस.” मी नाही केले. ते मी माफ केले आहे. विसरले मात्र नाही, कारण विसरण्याचे वचन मी कोणाला दिलेले नव्हते.

पण अंड्याच्या प्रकरणानंतर ती बदलली. इस्पितळातल्या मेजवानीत लोक तिला म्हणतात, तू तिकडची ना, मग म्हणून दाखव की काहीतरी, आणि ती हसून बशी पुढे करते. “पोशाख आहे, कानखूण आहे, आडनाव आहे,” मला म्हणाली, “पण तोंड उघडलं की मी कोणीच नसते.” उन्हाळाभर ती जमेल तेव्हा गाडी हाकत यायची आणि शिकायची. बाप शिकली. बिग्गा शिकली. माझे आईवडील शिकली. माझ्या तोंडून स्वतःला ऐकून घेतले, आणि या वेळी कोणी ऐकेल म्हणून खिडकी बंद केली नाही. आणि एक दिवस विचारलेच.

“आता तुझा.”

“माझा मला म्हणता येत नाही.”

“येत नाही की म्हणत नाहीस?”

“म्हणत नाहीत.”

“दार लावते. कोणी ऐकणार नाही.”

“मी ऐकेन ना!”

“मग मी कोणाकडून शिकायचं?”

उत्तर दोघींना माहीत होते.

कलम चौथे. हे मी आजवर तीनदा लिहून फाडले आहे. गुओल्लेयावरीचे हे घर, मासे सुकवायची खोप आणि तळ्यात जाळी टाकायचा आमच्या बापाचा हक्क, हे सर्व माझा धाकटा भाऊ हेइक्का याला द्यावे. मात्र एका अटीवर. त्याने एलेनच्या कानांवर पडेल असे मला एकदा, पूर्ण, पहिल्यापासून योइकावे.

हेइक्का हा मला योइकू शकणारा शेवटचा जिवंत माणूस आहे. तरुणपणी त्याच्यासारखा गळा या डोंगरात नव्हता. धुक्यात तो कोणाला योइकत येतो आहे त्यावरून आम्ही ओळखायचो की कोणत्या घराकडे निघालाय. आस्लाकच्या मरणानंतर तो प्रार्थनासभेत गेला आणि योइक हे पाप आहे, दारूचा भाऊ आहे, असे सांगू लागला. आता तो सभेचा वाचक आहे, तिथे प्रवचने वाचून दाखवतो. मला तो ‘भगिनी रिस्तेन’ म्हणतो, जसा सभेतल्या प्रत्येक बाईला म्हणतो. शेजाऱ्याच्या गाईलाही म्हणत असेल, मला माहीत नाही.

आमच्या वस्तीत माणूस कोणत्या बाजूचा हे त्याच्या तोंडातून काय निघते त्यावरून ठरते. सभेचे लोक भजने म्हणतात, आम्ही उरलेले योइकतो. लग्नात दोन टेबले वेगळी लागतात. खरे सांगायचे तर त्यांची भजने मला आवडतात. आमच्या लोकांनी ती ओढून ओढून अशी काही आपली केली आहेत की दक्षिणेकडच्या पाद्र्यालाच ती आपली वाटेनाशी झाली. मलाही सगळी पाठ आहेत, आणि माझ्या अंत्यविधीला ती खुशाल म्हणावीत. पण त्यांतले एकही भजन म्हणजे मी नव्हे.

ऑगस्टात एलेन मला त्याच्या दारात घेऊन गेली. तो पायरीवर जाळे दुरुस्त करत होता. मी सरळ विषयाला हात घातला.

“भगिनी रिस्तेन,” तो म्हणाला, “ज्या तोंडानं प्रार्थना करतो त्या तोंडानं मला ते करता येणार नाही.”

“त्याच तोंडानं तू मासेही खातोस.”

“मासे देवानं दिलेत.”

“आणि मी काय कंपनीतून आले?”

तो जाळ्याकडे बघत राहिला. पीळ दोऱ्याला नव्हे, त्याच्या बोटांना पडत होता. मी म्हटले, “बाबांनी दिलेला आहे तो. बाबाही पापी का?” त्यावर तो उठून आत गेला आणि दार लावून घेतले, हळू. रागाने आपटले असते तर मला बरे वाटले असते.

म्हणून हे कलम. एलेनला ते पसंत नाही. ती म्हणाली, “आई, ही लाच आहे.” मी म्हटले, लाच साहेबाला देतात, भावाला नाही. वकीलबाईंनी फोनवर वेगळीच शंका काढली.

“अट पुरी झाली की नाही, हे ठरवायचं कोणी?”

“मी ऐकेन आणि सांगेन.”

“रिस्तेनबाई, तोवर तुम्ही वारलेल्या असाल.”

हे माझ्या लक्षात आले नव्हते. तेव्हा दुरुस्ती अशी: ही अट त्याने मी जिवंत असताना पुरी करावी. तो चांगला घर राखणारा आहे, त्याचे स्वतःचे घर ओलीने कुजत चालले आहे, आणि बापाच्या घरावर त्याचा जीव आहे हे मला माहीत आहे. मी त्याच्या जिवाच्या ठिकाणी बोट ठेवते आहे, हेही मला माहीत आहे. दुसरे बोट ठेवायला जागा राहिलेली नाही.

कलम पाचवे. शेजारी पेर-ओले याने माझी मोठी घसरगाडी नेली आहे. ती त्याने परत केली तर त्यालाच द्यावी. न केल्यास मागून घ्यावी.

येथवर कालपर्यंत लिहून झाले होते. पुढचे आज, सह्यांच्या दिवशी, सर्वांसमोर लिहिते आहे. एलेन म्हणते, मृत्युपत्रात असे काही लिहीत नाहीत. मी तिला सांगितले, ज्या मालाची वाटणी करायची त्याचे वर्णन करावे लागते, आणि हे त्याचेच वर्णन आहे.

साक्षीदार म्हणून गुन्वोर आणि पेर-ओले यायचे ठरले होते. गुन्वोर वेळेवर आली. पेर-ओलेचा सकाळी फोन आला की कुंपण तोडून त्याचे रेनडियर रस्त्यावर गेले आहेत. आता दुसरा साक्षीदार कुठून आणायचा म्हणून मी दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत होते. एवढ्यात हेइक्का आला. हातात तळ्यातल्या पांढऱ्या माशांची पिशवी होती. तो दर शरदात मासे आणून देतो, उंबऱ्यावर ठेवतो आणि जातो. आज एलेनने त्याला आत बसवले. कॉफी दिली, आणि मी काही म्हणायच्या आत चौथे कलम त्याच्यापुढे ठेवले. माझ्या मुलीला भूल देता येते, पण सबुरी नाही. ती माझ्यावरच गेली आहे.

त्याने ते दोनदा वाचले. चष्मा काढला.

“घर देऊन विकत घेतेस होय मला?”

“दुसरं काय करू? माग काय मागायचं ते.”

“मला काही नको.” तो गुन्वोरकडे वळला. “बाई, साक्षीदार दोन लागतात ना? एक मी होतो.”

“मामा,” एलेन म्हणाली, “साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सही केलीत तर घर गेलं.”

“माहीत आहे. म्हणूनच करतो.”

मला वाटले, संपले. याने आमिषच कापून टाकले, आता याच्याकडे मागायला माझ्यापाशी काही उरले नाही. मी त्याला बोलले, आणि वाईट बोलले. म्हणाले, तुझ्या देवाला माझ्याएवढा छोटा योइक सहन होत नसेल तर त्याचे कान तपासून घ्या, इथे नर्स बसलीच आहे.

“देवाचं नाव घेऊ नकोस,” हेइक्का म्हणाला. “त्याचा संबंध नाही.”

“कसा नाही? त्यानंच ना तुला सोडायला सांगितलं?”

“त्यानं काही सांगितलं नव्हतं. लोकांना मी तसं सांगितलं.” त्याने पेला खाली ठेवला. “आस्लाक गेला त्या दिवशी तो पुढं होता, काठीनं बर्फ ठोकत. मी मागं, घसरगाडी घेऊन. या घराचा धूर दिसायला लागला होता. घर दिसलं की घरातल्या माणसाला योइकतात, तसा मी तुला योइकत होतो. मोठ्यानं, तोंड वर करून. त्यानं हाक मारली असणार. माझ्याच आवाजात मला ऐकू आली नाही. मान खाली केली तर पुढं आस्लाक नव्हता, पाणी होतं.”

गुन्वोरला आमची भाषा अर्धीच कळते, पण तिनेही पेला खाली ठेवला.

“तेव्हापासून तुला तोंडात घेतलं की मला पाणी दिसतं,” तो म्हणाला. “सभेत निदान कोणी तुला योइकायला सांगत नाही.”

मला आधी राग आला, तो लिहून ठेवते. इतकी वर्षे मी देवाशी भांडत होते आणि देव बिचारा त्यात कुठेच नव्हता. हे त्याने मला तेव्हाच सांगितले असते तर मी त्याला मारले असते, मग जेवायला वाढले असते आणि प्रकरण मिटले असते. त्याऐवजी दोघे एकाच तळ्याच्या दोन काठांना म्हातारे झालो. मग राग असतानाच दुसरे काहीतरी सुचले आणि मी खुर्चीचा हात धरला.

“म्हणजे तो खाली गेला तेव्हा तू मलाच योइकत होतास?”

“हो.”

“मोठ्यानं?”

“सांगितलं ना, मोठ्यानं.”

“मग त्याला ऐकू आलं असेल.”

हेइक्काने माझ्याकडे पाहिले.

“अरे, मला वाटत होतं तो त्या पाण्यात एकटा होता,” मी म्हटले. “रोज वाटायचं. मी इथे चुलीपाशी, आणि तो तिथे एकटा. एकटा नव्हता रे तो. मी होते ना तिथे. तू नेलं होतंस मला.”

बहात्तर वर्षांचा माणूस, सभेचा वाचक, तोंडावर टोपी धरून रडला. एलेनने त्याच्या पाठीवर हात ठेवला, डॉक्टर ठेवतात तसा नव्हे. त्याने टोपी बाजूला केली. नाक पुसले. आणि टोपी हातात धरून, जमिनीकडे बघत, फार हळू, त्याने मला सुरू केले.

आवाज फाटका होता. पहिला सूर लागला नाही, दुसरा जेमतेम. पण चाल तीच, बाबांनी दिलेली. घाईची, उठून उभ्या राहिलेल्या माणसाची. तिसऱ्या फेऱ्याला तो धुक्यातून यायचा तसा यायला लागला. त्याने मान वर केली. मी कुठे बघावे मला कळेना. ईस्टरपासून जी बाई या घरात नव्हती ती दारातून आत आली, आणि ती मी होते. याहून नीट मला सांगता येत नाही.

गुन्वोर घाबरून उठली होती. “कुणाला काही होतंय का?” तिने एलेनला विचारले. एलेनने तिचा हात धरून खाली बसवले, आणि मामाच्या मागोमाग म्हणायला लागली. मध्यावर आली आणि थांबली.

“तिथं श्वास नाही घ्यायचा,” हेइक्का म्हणाला.

“मग घ्यायचा कुठे?”

“कुठंच नाही. हिनं कधी घेतलाय?”

“मामा, माझं कामच लोकांचा श्वास बघण्याचं आहे. असं माणूस जगत नाही.”

“ही जगली. पुन्हा म्हण.”

ती पुन्हा चुकली. ओठ आवळून धरायचे म्हणजे काय हे मला आज कळले. चूक कुठे आहे ते मला दिसत होते, आणि दाखवायचे तर मला मलाच म्हणावे लागले असते. मी टेबलाची कड धरून बसले. हेइक्काने तिला चार वेळा मागे आणले. मग एकदा ती त्या जागेवरून न थांबता पुढे निघून गेली, तिच्या लक्षातही आले नाही, आणि थांबली तेव्हा धापा टाकत होती आणि तिचे तोंड लाल झाले होते. तिच्या लहानपणी ती डोंगरावरून धावत खाली आली की असे व्हायचे.

“ही अशी आहेस होय तू?” तिने मला विचारले.

मी म्हटले, “अशीच.”

तेव्हा दुरुस्त कलम चौथे, अखेरचे: घर, खोप आणि जाळ्याचा हक्क एलेनला द्यावा, बिनशर्त. हेइक्काला कायद्याने काही देता येत नाही, म्हणून देत नाही. मात्र त्याने या घरात यावे, मासे उंबऱ्यावर न ठेवता चुलीपाशी ठेवावेत, आणि घराच्या छपराकडे लक्ष द्यावे, कारण एलेनला खिळा कोणत्या बाजूने धरतात ते माहीत नाही. हा माझा हुकूम समजावा. एलेनने मला कुठेही म्हणावे, इस्पितळातल्या मेजवानीतसुद्धा, पण नाश्त्याच्या वेळी नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यात आता काही बदल करायचा राहिलेला नाही.

ठिकाण: गुओल्लेयावरी. तारीख: २३ ऑक्टोबर २०१४.

सही: रिस्तेन, योव्नाच्या मिह्कालची
(क्रिस्टिने लोग्ये)

साक्षीदार पहिली. मी, गुन्वोर हाउगेन, नगरपालिकेची नर्स, सांगते की बाई पूर्ण शुद्धीत आहेत. बोलणे सगळे मला समजले नाही, पण सही त्यांनी माझ्यासमोर केली. किटलीचे कलम मी वाचले नव्हते. ते आता वाचले. साक्षीदार असल्यामुळे किटली मला घेता येणार नाही, असे एलेनबाई म्हणतात. कॉफी मी तरीही कमीच करायला सांगणार.
सही: गुन्वोर हाउगेन

साक्षीदार दुसरा. मी, योव्नाच्या मिह्कालचा हेइक्का, वय बहात्तर, प्रार्थनासभेचा वाचक. हे मृत्युपत्र करणारी बाई रिस्तेनच आहे, हे मी ओळखतो. कशावरून, असे कोणी विचारल्यास: आज दुपारी, तिच्या घरात, साक्षीदारासमोर, मी तिला योइकले आणि ती तीच होती. हे सभेत वाचायचे झाल्यास दुसऱ्या कोणाला सांगू नये. मी स्वतः वाचीन.
सही: हेइक्का